सुरीवरचा पत्ता

केशवरावांची बायको घर सोडून गेली, असं म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती. ती लेकीच्या, मृण्मयीच्या, बाळंतपणाला गेली होती, तीन महिन्यांसाठी. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. बाळंतपण झालं, बारसं झालं, मग मृण्मयीची रजा संपली, मग पाळणाघर मनासारखं मिळेना, मग नात रांगायला लागली, आणि रांगणाऱ्या पोराला टाकून कोण निघतं? अंबिका तिकडं पुण्याला, हिंजवडीत राहिली आणि केशवराव इकडं संभाजीनगरात, सिडको एन-सातच्या रो-हाउसमध्ये, घर सांभाळायला. या घराचं सांभाळण्यासारखं काय होतं ते विचारू नका. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं कढीपत्त्याचं झाड आणि पुढं सात-आठ कुंड्या. पण केशवरावांनी एकदा 'घर कोण बघणार?' म्हटलं की त्याच्यापुढं ब्रह्मदेवाचंही काही चालत नसे.

खरं कारण वेगळं होतं. लेकीच्या घरी बापानं दोन रात्रींवर राहू नये, अशी त्यांच्या वडिलांची शिकवण. बारशाला गेले तेव्हा जावई शंतनू, चांगला मुलगा बिचारा, म्हणाला, "बाबा, आता इथंच राहा की." केशवरावांनी त्याच्याकडं असं पाहिलं की जणू त्यानं त्यांना भीक घातली. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते परत. अंबिकेनं नंतर एकदा बोलावलं, दोनदा बोलावलं, आणि मग बोलावणं सोडून दिलं. मान ताठ ठेवण्यात तीही काही कमी नव्हती.

बोलावणं थांबलं आणि वस्तू मागणं सुरू झालं. आधी पुरणयंत्र. मग चकलीचा सोऱ्या. मग पोळपाट, कारण तिकडचा म्हणे डुगडुगतो. दिवाळीनंतर चक्क खलबत्ता. केशवरावांनी एकेक वस्तू फडक्यात गुंडाळून, खोक्यात भुसा भरून, वर दोन्हीकडून चिकटपट्टी मारून कुरियरनं रवाना केली. काम चोख. एकही वस्तू फुटली नाही, हरवली नाही. फक्त दर वेळी स्वयंपाकघर थोडं मोठं झाल्यासारखं वाटायचं, आणि त्यात एकटा माणूस चहा करत उभा राहिला की चमच्याचा आवाज उगाच घुमायचा.

रोज संध्याकाळी फोन यायचा, चित्रासकट. पण फोन नातीच्या हातात. ती दोन मिनिटं आजोबांना नाक दाखवायची आणि फोन पलंगावर टाकून पळून जायची. मग केशवरावांना दिसायचा तो छताचा पंखा. हिंजवडीतला तो पांढरा पंखा त्यांना आपल्या घरातल्या पंख्यापेक्षा जास्त ओळखीचा झाला होता. त्याच्या एका पात्यावर कोळिष्टक होतं. ते फोन बंद करायचे नाहीत. पंख्याकडं बघत, आतून येणारे आवाज ऐकत बसायचे. कुकरची शिट्टी, नातीचं रडणं, अंबिकेचं 'अगं बाई, पडशील' आणि भाजी चिरल्याचा आवाज. तेवढा अर्धा तास त्यांच्या दिवसाचा. बाकीचा दिवस नुसता जायचा.

एका संध्याकाळी तो चिरण्याचा आवाज मध्येच थांबला आणि पंख्याच्या जागी अंबिकेचा चेहरा आला.

"अहो, माझी सुरी पाठवा."

"कुठली सुरी?"

"कुठली काय! खिळ्यावरची. इथली नुसती शोभेची आहे, टोमॅटोसुद्धा दबतो. आणि तिच्यावर नाव घाला. इथं सोसायटीत महाप्रसादाला सगळ्या बायका भाजी चिरायला बसतात, सुऱ्या एकमेकींत मिसळतात."

"बरं," केशवराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मग परत पंखा आला.

त्या रात्री पोळी-भाजी केंद्रातला डबा त्यांनी तसाच झाकून ठेवला. बाई चार दिवस कुठं गेली तर साड्या नेते, औषधं नेते, फार तर पोळपाट मागवते. हातातली सुरी मागवत नाही. सुरी मागवली म्हणजे चूल हलली. आणि तिकडच्या बायकांत बसायला सुरी हवी, म्हणजे तिचं तिकडं बस्तान बसलं. आपण इथं कुंड्यांना पाणी घालत वाट बघतोय आणि तिकडून कुणी निघणारच नाही, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. त्यांना राग आला. रागाखाली भीती होती, पण माणूस आधी रागच ओळखतो.

सुरी साधीसुधी नव्हती. लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी केशवरावांनी ती स्वतः घडवली होती. चिकलठाण्याच्या एका कंपनीत ते टूलरूमला होते. लोखंड कापायच्या मोठ्या करवतीचं तुटलेलं पातं भंगारातून रीतसर परवानगीनं आणलं, घासताना पोलादाचं पाणी उतरू नये म्हणून दर दोन घासण्यांना बादलीत बुडवलं, शिसवी मूठ बसवली, पितळेचे रिवेट ठोकले. धार लावून लावून पातं आता निम्म्यावर आलं होतं, पण कांदा अजून असा कापायचं की डोळ्यांना पत्ता लागू नये.

कंपनीतली त्यांची शेवटची पंधरा वर्षं मोजमापाच्या गेजांच्या भांडारात गेली. तिथं एकेक गेज पोटच्या पोरासारखा जपायचा. प्रत्येकावर खूण कोरलेली असे. खूण माणसाच्या नावाची नाही, जागेची. कुठला विभाग, कुठलं कपाट. गेज कुणाच्याही टेबलावर सापडला तरी तो परत कुठं जायचा ते त्याच्या अंगावरच लिहिलेलं. आणि गेज न्यायचा तर आपला पितळी बिल्ला त्याच्या रिकाम्या खिळ्यावर अडकवायचा. वही नाही, सही नाही. ज्याचा बिल्ला खिळ्यावर, वस्तू त्याच्यापाशी. वस्तू परत आल्याशिवाय बिल्ला काढायचा नाही. हा नियम केशवरावांनी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवला होता. पाहुणा पोह्यांची बशी हातात घेऊन माना डोलवायचा आणि आतून अंबिकेचा आवाज यायचा, "ज्याचा बिल्ला खिळ्यावर, वस्तू त्याच्यापाशी! झालं? आता चहा घ्या." निवृत्त होताना त्यांना त्यांचा बिल्ला भेट मिळाला. तो देव्हाऱ्याच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी पडून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओट्यावर सामान मांडलं. जुन्या ट्रान्सफॉर्मरची त्यांनीच बनवलेली पेटी, तिला एक खटका. खटका एकीकडं केला की वीज एकाच दिशेनं वाहते आणि पोलाद कोरते. दुसरीकडं केला की ती मागंपुढं होते आणि कोरलेलं काळं करते. वाटीत मिठाचं पाणी. कापूस घरात नव्हता, तेव्हा देव्हाऱ्याच्या डब्यात हात घातला तर तळाशी अंबिकेनं वळलेल्या वाती निघाल्या, पाच-सहा. जाताना महिन्याभराच्या वळून गेली होती. त्या कधीच संपायला हव्या होत्या, पण केशवराव दोन वर्षं बाजारच्या वाती आणत होते आणि या तशाच ठेवल्या होत्या. त्यांनी त्या परत ठेवल्या आणि उशीची शिवण उसवून कापूस काढला.

पात्यावर लेप हवा, म्हणजे नको तिथं कोरलं जात नाही. मृण्मयीच्या जुन्या कप्प्यात कॉलेजातली नेलपॉलिशची बाटली सापडली, घट्ट झालेली. थिनरचे थेंब टाकून पातळ केली आणि पात्याला दोन हात दिले. सुरी मेंदी लावल्यासारखी दिसायला लागली. लेप वाळेपर्यंत ते खुर्चीत बसून राहिले. मग दाभण घेतलं, चष्मा नाकावर सरकवला आणि 'अं' काढायला टोक टेकवलं.

टोक तिथंच राहिलं.

घरातल्या भांड्याभांड्यांवर नावं होती. तांब्यावर अंबिकेच्या मामांचं, परातीवर केशवरावांच्या वडिलांचं, पिंपावर कन्नडच्या आत्यांचं 'यांजकडून सप्रेम भेट'. देणाऱ्याचं नाव निराळं, पण वापरणाऱ्याचं नाव घातलं की वस्तू त्या माणसाची होते. आणि माणूस जिथं राहील तिथं वस्तू राहते. आपल्याच हातानं हिचं नाव कोरून द्यायचं, म्हणजे आपल्याच हातानं सुरी तिकडची करून टाकायची. केशवरावांचा हात हलेना. "मी नाही घालत जा," ते मोठ्यानं म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून आणखी एकदा म्हणाले.

आणि त्यांनी नावाऐवजी पत्ता काढला. सिडको, एन-सात, खाली घराचा नंबर. टूलरूमच्या वळणाची ठसठशीत अक्षरं, लेप खरवडून खालचं पोलाद दिसेल अशी. लाल तारेचा चिमटा पात्याला लावला. काळ्या तारेच्या सळईला कापूस गुंडाळला, मिठाच्या पाण्यात बुडवला, खटका पाडला आणि कापूस अक्षरांवर टेकवला. चुर्र झालं. बारीक बुडबुडे आले, कापूस करडा पडला, लोखंडी वास सुटला. उचलायचं, पुसायचं, परत टेकवायचं. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी हातांना काम मिळालं होतं आणि हात काही विसरले नव्हते. अधूनमधून ते नखानं खोली चाचपायचे. नख अडायला लागलं तसे थांबले.

नुसतं कोरलेलं राखेनं घासून घासून दोन-चार वर्षांत पुसट होतं. केशवराव क्षणभर विचारात पडले. पुसट झालं तर झालं, कुणाचं काय बिघडतं? मग त्यांनी खटका दुसऱ्या बाजूला केला आणि कापूस पुन्हा टेकवला. अक्षरांचा तळ आधी तपकिरी झाला, मग काळा, मग असा काळाकुट्ट की पाटीवर उलट लिहिलंय वाटावं. सोड्याच्या पाण्यानं धुऊन, लेप काढून, खोबरेल लावून त्यांनी सुरी उजेडात धरली. काम फर्मास झालं होतं. दाखवायला कुणीतरी असतं तर फार बरं वाटलं असतं.

कॅनॉटच्या बाजारातल्या कुरियरवाल्यानं खोकं हातात घेऊन विचारलं, "क्या है अंकल इसमें?"

"भाजी चिरायची सुरी."

"छुरी-चाकू नहीं चलता. मशीनमध्ये दिसतं, परत पाठवतात."

"अहो, मागं खलबत्ता घेतलात की माझा. त्यानं डोकं फुटत नाही का?"

"फूटता होगा," तो शांतपणे म्हणाला, "पर वो चलता है."

खोकं काखोटीला मारून केशवराव घरी आले, तर शेजारच्या आशाबाई कुंपणाशी मेथी निवडत बसलेल्या. आशाबाई मूळच्या पाचोडच्या. त्यांचा मुलगा शिवराज पुण्याला नोकरीला, दर सोमवारी पहाटे गाडी काढायचा आणि शुक्रवारी परत यायचा. खोकं बघून त्यांनी विचारलं आणि केशवरावांनी सगळं सांगितलं. कुरियरवाल्यावरचा राग जरा जास्तच रंगवून सांगितला.

"वैनीनं सुरी मागवली?" आशाबाईंचा हात थांबला. "आन् तुमी धाडाया निघाले?"

"मग काय करू?"

"घिऊन जावा की सोता."

"घर कोण बघणार?"

"घराला काय पाय फुटत्यात व्हय, भाऊ? मी हाय की हितं. कुंड्यांला पाणी घालाया लई अक्कल लागत नाय."

केशवरावांनी ते कानाआड केलं. "शिवराज सोमवारी जातोय ना? त्याच्याकडं देतो."

आशाबाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू पाण्यात पडलेल्या म्हशीला 'बाहेर ये' म्हणून म्हणून त्या थकल्या होत्या. "द्या. पर हातात नगा दिऊ, खाली ठिवा. सुरी हातोहात दिली की भांडणं लागत्यात." केशवरावांनी खोकं कुंपणाशी खाली ठेवलं, आशाबाईंनी ते तिथून उचललं.

सोमवारी शिवराजची गाडी गल्लीच्या वळणाला दिसेनाशी झाल्यावर केशवराव स्वयंपाकघरात आले. खिळा रिकामा होता. इतक्या वर्षांत सुरीच्या मुठीनं भिंतीवर लांबट डाग पाडला होता, तो तेवढा उरला. कंपनीत बिनबिल्ल्याचा रिकामा खिळा त्यांनी कधी राहू दिला नव्हता. देव्हाऱ्याच्या खणातून त्यांनी बिल्ला आणला आणि खिळ्यावर अडकवला. वस्तू अंबिकेनं नेली, तेव्हा खरं तर बिल्ला तिचा हवा होता. पण तिचा बिल्ला कुठून आणणार? घरात होता तो एवढाच.

त्या संध्याकाळी फोन आला नाही. केशवरावांनी फोन दोनदा उलटसुलट करून पाहिला, आवाज चालू होता. तिनं पत्ता वाचला असेल. तिला कळलं असेल. कळावं म्हणूनच तर घातला होता, आणि आता कळलं असेल या कल्पनेनंच त्यांना धड बसवत नव्हतं. तिला राग आला असेल तर? की ती नुसती हसली असेल, आणि सोसायटीतल्या बायकांना दाखवून सगळ्या हसल्या असतील? त्यांना पंख्याची आठवण आली. माणसाला पंख्याची आठवण यावी, याहून कठीण ते काय!

दुसऱ्या दिवशी फोन आला. या वेळी नात नव्हती, पंखा नव्हता. फोन अंबिकेच्याच हातात होता.

"मिळाली?" त्यांनी विचारलं.

"मिळाली. मी नाव घाला म्हटलं होतं. हे काय घातलंत?"

"पत्ता."

"तो दिसतोय मला. कशाला?"

"वस्तू जिथली असते, तिथला पत्ता घालतात." केशवरावांना आपला आवाज अनोळखी वाटला. "कुणाच्याही हाती लागली तरी तिनं परत कुठं यायचं, ते कळायला हवं."

मागं कुठंतरी नात चमचा आपटत होती.

"म्हणजे मी काही येत नाही, असं ठरवलंत तुम्ही," अंबिका म्हणाली.

"मी कशाला ठरवू? पोळपाट नेलास, खलबत्ता नेलास, आता सुरी. मी काय समजायचं?"

"कुरियरवाल्यानं घेतली का हो सुरी?"

"नाही. शिवराजबरोबर पाठवावी लागली."

"मला ठाऊक होतं तो घेणार नाही ते." तिचा आवाज चढला. "आधी म्हटलं खलबत्ता मागू. जड आहे, तो तरी घेऊन याल. तर तुम्ही तोही खोक्यात घालून धाडलात. भुसा भरून! मग शंतनूनं चौकशी केली, कुरियरला काय चालत नाही. सुरी चालत नाही, तो म्हणाला. तेव्हा मी सुरी मागितली. म्हटलं, आता तरी माणसाला उठून यावं लागेल. तेव्हापासून रोज दोन वाट्या जास्तीची आमटी करत होते मी. काल दार उघडलं तर शिवराज!"

दोन वर्षं केशवराव एकेक वस्तू चोख बांधून पाठवत होते, आणि दर वेळी तिकडं दार उघडून कुणीतरी फक्त खोकं आत घेत होतं.

"सरळ 'या' म्हणायचंस," ते कसंबसं म्हणाले.

"म्हटलं होतं. दोनदा. तुमचं घर कोण बघणार होतं?" मग हळू आवाजात ती म्हणाली, "जरा स्वयंपाकघर दाखवा. बघू दे तरी."

त्यांनी फोन फिरवला. ओटा, रिकामी फळी, खिडकी, भिंतीवरचा तो लांबट डाग.

"थांबा. ते खिळ्यावर काय आहे?"

"बिल्ला."

"कुणाचा?"

"माझाच. दुसरा कुणाचा असणार?"

अंबिकेचा आवाज आला, तिच्या जुन्या, आतून ओरडायच्या ठसक्यात, पण शेवटी जरासा फाटलेला.

"ज्याचा बिल्ला खिळ्यावर, वस्तू त्याच्यापाशी. इतकी वर्षं ऐकतेय मी. मग सुरी इथं आणि तुम्ही तिथं, हे कुठल्या नियमात बसतं हो?"

आणि उत्तराची वाट न बघता तिनं फोन ठेवला.

केशवराव खिळ्यासमोर उभे राहिले. पितळेवरचा नंबर झिजला होता, तरी वाचता येत होता. आपण चुकलो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. भांडारात कुणी असं केलं असतं तर त्यांनीच त्याची कानउघाडणी केली असती. बिल्ला त्यांनी काढला नाही. वस्तू आल्याशिवाय तो काढायचा नसतो. गॅसचा नळ बंद केला, पिशवीत दोन सदरे कोंबले, मग थांबून आणखी चार कोंबले. देव्हाऱ्याच्या डब्यातल्या पाच-सहा वाती कागदात बांधून वर ठेवल्या आणि ते कुंपणाशी गेले.

"आशाबाई, कुंड्यांना पाणी..."

"घालते की," त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आशाबाई म्हणाल्या. "किती दिस?"

'दोन रात्री' हे केशवरावांच्या तोंडात तयार होतं, वडिलांच्या आवाजासकट. त्यांनी ते गिळलं.

"सुरी येईल तेव्हा येईन," ते म्हणाले.